हिपॅटायटीस बीची तपासणी: रक्त काढण्याआधी आणि रिपोर्ट आल्यानंतर

लिव्हरच्या कॅन्सरवर बोलायला चार माणसं जमवली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मी दारूला शिवत नाही, मग मला कशाला तपासणी?” त्याच्या मागोमाग दुसरा: “मला जन्मात कधी कावीळ झाली नाही.” शिबिर घेणाऱ्यांनी पोस्टर छापण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ करावीत. खुर्चीतून उठून सुईपर्यंत जायचं की नाही, हे लोक तिथेच ठरवतात.

पहिल्याचं उत्तर असं. जगभरात लिव्हरच्या कॅन्सरमागचं सर्वांत मोठं कारण हिपॅटायटीस बीचा जुनाट संसर्ग हे आहे. दारूने त्यात भर पडते, पण दारूवाचून विषाणूचं काही अडत नाही. १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तैवानमधल्या २२,७०७ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात या विषाणूचा एचबीएसएजी हा अँटिजेन (विषाणूच्या आवरणातलं प्रथिन) सापडला होता, त्यांना लिव्हरच्या कॅन्सरचा धोका बाकीच्यांच्या २२३ पट निघाला. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचं नातंसुद्धा एवढं घट्ट नाही.

दुसऱ्याचं उत्तर जरा उलटं वाटेल. हा विषाणू लिव्हरच्या पेशी फारशा स्वतः मारत नाही. आपली प्रतिकारशक्ती संसर्ग झालेल्या पेशींवर तुटून पडते आणि त्या झटापटीत कावीळ दिसते. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती या विषाणूला शत्रू म्हणून ओळखतच नाही. त्यामुळे कावीळ होत नाही आणि विषाणूही जात नाही. जन्माच्या वेळी किंवा पहिल्या वर्षात लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांत संसर्ग कायमचा राहतो. धडधाकट प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आहे. म्हणजे मोठेपणी या विषाणूने कावीळ झालेला माणूस बहुतेक वेळा त्यातून मोकळा होतो. ज्याला काहीच झालं नाही असं वाटतं, तो तीस-चाळीस वर्षं विषाणू बाळगून असू शकतो. विषाणूचा डीएनए पेशीच्या केंद्रकात ठाण मांडतो आणि त्याचे तुकडे आपल्या डीएनएत शिरतात. म्हणून सिऱ्होसिस (लिव्हर चट्टे पडून निबर होणं) न होताही थेट कॅन्सर होऊ शकतो. हिपॅटायटीस सीमध्ये असं क्वचितच घडतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५.४ कोटी लोकांना हा जुनाट संसर्ग होता आणि त्यांतल्या फक्त १३ टक्क्यांचं निदान झालं होतं. आठांतल्या सातांना पत्ताच नाही. त्या एका वर्षात या आजाराने सुमारे ११ लाख माणसं गेली, मुख्यतः सिऱ्होसिस आणि कॅन्सरने.

आणखी एक गैरसमज सुशिक्षितांमध्ये जास्त दिसतो: “दरवर्षी पूर्ण बॉडी चेकअप करतो, लिव्हर नॉर्मल आहे.” त्या पॅकेजमधल्या लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये बिलिरुबिन, एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरची एन्झाइम्स, प्रथिनं असतात, विषाणूची तपासणी नसते. एसजीपीटी नॉर्मल असलेले कितीतरी लोक एचबीएसएजी पॉझिटिव्ह असतात. चिठ्ठीवर हिपॅटायटीस बीचं नाव स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर ती तपासणी झालेली नाही असंच धरा.

कुणाची करायची?

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये सरळच सांगितलं की १८ वर्षांवरच्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी करावी. मला हा नियम आवडतो, कारण त्यात कुणालाही “तू धोक्याच्या गटात का?” असं विचारावं लागत नाही. तो प्रश्न विचारला की निम्मे लोक घरी जातात. याशिवाय प्रत्येक गरोदरपणात पुन्हा तपासणी हवी, आधीची निगेटिव्ह असली तरी. पॉझिटिव्ह माणसाची आई, भावंडं, मुलं आणि जोडीदार, डायलिसिसवरचे रुग्ण, एचआयव्ही किंवा हिपॅटायटीस सी असलेले, सुईने नशा करणारे यांना प्राधान्य. एक गट नेहमी निसटतो: केमोथेरपी, रिटक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) किंवा जास्त दिवसांची स्टेरॉइड्स सुरू होणारे लोक. दबून बसलेला विषाणू या औषधांमुळे उसळतो आणि लिव्हर निकामी होण्यापर्यंत मजल जाते. इथे तपासणी पहिल्या डोसच्या आधी हवी.

तीन तपासण्या, एक नमुना

प्रयोगशाळेत पाठवायचं असेल तर एकाच नमुन्यावर तीन गोष्टी मागाव्यात: एचबीएसएजी, अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी टोटल (शेवटच्या दोन्ही शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी). तिसऱ्याच्या जागी चुकून आयजीएम मागवलं जातं. आयजीएम फक्त ताज्या संसर्गात किंवा जुना संसर्ग उसळल्यावर सापडतं, त्यामुळे जुना संसर्ग हातून सुटतो. चिठ्ठीवर ‘टोटल’ हा शब्द हवाच.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आत्ता शरीरात आहे. फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह म्हणजे लशीने आलेलं संरक्षण. १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर किंवा जास्त असेल तर ते पुरेसं धरतात. अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी दोन्ही पॉझिटिव्ह, पण एचबीएसएजी निगेटिव्ह, म्हणजे संसर्ग होऊन गेला आणि शरीराने तो आटोक्यात आणला. अशा माणसाला लस लागत नाही, पण वर सांगितलेली औषधं पुढे कधी सुरू झाली तर डॉक्टरला हे सांगावं लागतं, म्हणून रिपोर्ट जपून ठेवायला सांगा. तिन्ही निगेटिव्ह असतील तर लस द्या. फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह हा सगळ्यात गोंधळाचा रिपोर्ट. जुना संसर्ग, खोटा पॉझिटिव्ह, क्वचित लपलेला संसर्ग, यांपैकी काहीही असू शकतं. त्यावर शिबिरात मत देऊ नये, डॉक्टरकडे पाठवावं.

शिबिरात बहुतेक वेळा फक्त एचबीएसएजीची रॅपिड किट परवडते. त्याने संसर्ग असलेले सापडतात, पण कुणाला लशीची गरज आहे ते कळत नाही. त्यावर तोडगा सोपा आहे: निगेटिव्ह आलेल्या आणि लशीचा पुरावा नसलेल्या प्रत्येकाला लस द्या. आधीच संरक्षण असलेल्याला लस मिळाली म्हणून काही बिघडत नाही. क्रम मात्र पाळा, आधी रक्त आणि मग लस. लशीतलं प्रथिन हाच एचबीएसएजी असतो, त्यामुळे लशीनंतर साधारण १८ दिवसांपर्यंत तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. नुकतीच लस घेतलेल्याला महिन्याभराने यायला सांगावं.

केस आणि नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांची नोंद करून ठेवा. प्रयोगशाळेतल्या काही यंत्रांची रसायनंच बायोटिनवर चालतात, आणि रक्तात त्याचं प्रमाण जास्त असेल तर निकाल चुकतो. हा प्रश्न फॉर्मवर जवळपास कुणी विचारत नाही.

किट कुठे चुकते

रॅपिड किट दिसायला सोपी असते आणि म्हणूनच निष्काळजीपणे वापरली जाते. आधी माहितीपत्रकात पाहा की ती बोटाच्या रक्तावर चालते का. काही किट फक्त सीरम किंवा प्लाझ्मासाठी असतात आणि त्यांच्यावर थेट रक्त टाकलं की सगळी पट्टी लालभडक होते. पाकीट नमुना घेताना फोडायचं. सकाळी एकदम पन्नास पाकिटं फोडून ठेवली तर पट्टी हवेतला ओलावा शोषते. किट फ्रिजमध्ये असतील तर पाकीट न फोडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कॅसेटवर मार्करने सांकेतिक क्रमांक लिहा, नाव नको.

मधल्या बोटाच्या किंवा अनामिकेच्या टोकाला, जरा कडेला टोचावं. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, कारण ओल्या स्पिरिटने रक्त पातळ होतं आणि झोंबतंही. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा घ्या. बोट पिळू नका. पिळलं की पेशींमधलं पाणी रक्तात येतं आणि अँटिजेन विरळ होतो. हात गार असतील तर आधी कोमट पाण्याने धुवायला लावा, रक्त आपोआप येतं. किटसोबतच्या ड्रॉपरने सांगितलं तेवढंच रक्त, मग सांगितले तेवढेच बफरचे (किटसोबतच्या द्रावणाचे) थेंब. एका कंपनीचं बफर दुसऱ्या किटला चालत नाही, ते सारखंच दिसत असलं तरी.

कॅसेट सपाट टेबलावर ठेवून लगेच वेळ लावा. बऱ्याच किटची वाचनाची वेळ १५ ते २० मिनिटं असते, पण आपल्या किटच्या पत्रकातली वेळ हीच खरी. सी ही नियंत्रण रेषा उमटलीच नाही तर निकाल रद्द, टी ही तपासणीची रेषा दिसो वा न दिसो. सी आणि टी दोन्ही दिसल्या तर पॉझिटिव्ह, मग टी कितीही फिकट असो. फिकट रेषा बघून “नसेलच बहुतेक” म्हणणं ही शिबिरातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. उलट बाजूने, वेळ टळून गेल्यावर कॅसेट वाळताना खोटी रेषा उमटू शकते. म्हणून एका माणसाने एका वेळी पाच-सहाच कॅसेट हाताळाव्यात आणि प्रत्येकीवर वाचायची वेळ लिहावी. शक्य असेल तर निकाल दोघांनी वेगवेगळा वाचावा. लॅन्सेट (बोटाला टोचायची सुई) एकदाच वापरायचं, टोपण पुन्हा लावायचं नाही, थेट न फुटणाऱ्या डब्यात टाकायचं. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. हा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरतो, त्यामुळे टेबलावरचा न दिसणारा डागसुद्धा ब्लीचच्या द्रावणाने पुसावा लागतो.

आता जरा हिशोब करू. समजा १,००० लोक आले, त्यांत खरे संसर्गित १ टक्का, म्हणजे १०. किट ९९.५ टक्के अचूकतेने निगेटिव्हला निगेटिव्ह म्हणते असं धरलं, तरी उरलेल्या ९९० मधले पाच जण खोटे पॉझिटिव्ह निघतील. म्हणजे पंधरा पॉझिटिव्हमध्ये पाच चुकीचे. म्हणून किटवर पॉझिटिव्ह आलेल्याला “तुम्हाला हिपॅटायटीस बी आहे” असं त्याच दिवशी सांगू नये. “पहिल्या तपासणीत तसं दिसतंय, प्रयोगशाळेत खात्री करू” एवढंच म्हणावं आणि तिथल्या तिथे शिरेतून रक्त घ्यावं. नंतर या म्हटलं की बरेच जण येत नाहीत. निगेटिव्हचीही एक मर्यादा आहे: लागण झाल्यावर एचबीएसएजी दिसायला सरासरी चार आठवडे लागतात, कधी नऊ-दहासुद्धा.

निकाल सांगायची खोली

पॉझिटिव्ह आलेल्यांनाच आत बोलावलं की रांगेतल्या सगळ्यांना निकाल कळतो, एक शब्द न बोलता. म्हणून प्रत्येकाला त्याच खोलीत, साधारण तेवढाच वेळ न्यायचं. निगेटिव्ह आलेल्याला तिथे लशीच्या तारखा समजवायच्या, म्हणजे वेळ वायाही जात नाही. यादी ग्रुपवर टाकायची नाही, निकाल शेजारणीच्या हाती पाठवायचा नाही. नोकरी देणाऱ्याने निकालांची प्रत मागितली तर सरळ नाही म्हणायचं. हे मान्य नसेल तर त्या ठिकाणी शिबिर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाची नोकरी गेली की पुढच्या वेळी कुणी बोट पुढे करत नाही.

खात्री झालेल्या माणसाशी बोलताना पहिल्या दोन मिनिटांत जे सांगाल तेवढंच त्याच्या लक्षात राहतं. तेव्हा थोडकं सांगा: “तुमच्या रक्तात हिपॅटायटीस बीचा विषाणू आहे. हा कॅन्सर नाही. वेळच्या वेळी तपासण्या केल्या तर कॅन्सरचा धोका कमी ठेवता येतो. लागण बहुधा लहानपणी झाली असेल, त्यात तुमचा दोष नाही. घरच्यांची तपासणी करून घेऊ.” मग थांबा. त्याचा पहिला प्रश्न बहुधा ताट-पेल्यांचा असेल. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने, डासाने हा पसरत नाही. बाळाला अंगावर पाजता येतं. रेझर, नेलकटर, टूथब्रश, साखर तपासायची सुई मात्र ज्याची त्याने वेगळी ठेवावी. जोडीदाराचं लशीचं संरक्षण पक्कं होईपर्यंत कंडोम वापरावा. रक्तदान करू नये. दारू बंद. बुरशी लागलेलं धान्य आणि शेंगदाणे फेकून द्यावेत, कारण त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आणि हा विषाणू मिळून लिव्हरच्या कॅन्सरचा धोका कितीतरी वाढवतात. आणि लिव्हर साफ करणारी म्हणून मिळणारी काढे-चूर्णं कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नयेत. त्यांतली काही स्वतःच लिव्हरला इजा करतात.

त्यानंतर

सहा महिन्यांनीही एचबीएसएजी राहिला तर संसर्ग जुनाट. पण बाकीच्या तपासण्यांसाठी सहा महिने थांबायचं नसतं. एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती आहे त्याचं माप), एचबीईएजी (विषाणूचा आणखी एक अँटिजेन), एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट, क्रिएटिनिन, सोनोग्राफी, तसंच एचआयव्ही, हिपॅटायटीस सी आणि डी यांच्या तपासण्या सुरुवातीलाच होतात. डी विसरला जातो. तो बीच्या आधारानेच जगतो आणि आजार झपाट्याने वाढवतो.

फायब्रोस्कॅन (लिव्हर किती निबर झालं ते मोजणारं यंत्र) जवळ नसेल तर त्याच अंदाजासाठी एप्री नावाचा आकडा साध्या रक्ततपासणीवरून काढता येतो. एसजीओटीला त्याच्या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेने भागा, १०० ने गुणा, मग प्लेटलेटने भागा. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या: १ लाख ६० हजार असतील तर १६०. एसजीओटी ६०, मर्यादा ४० असेल तर उत्तर ०.९४ येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार ०.५ च्या वर गेलं की उपचाराचा विचार होतो, आणि १ च्या वर गेलं की सिऱ्होसिसची शंका घेतात. विषाणूचा डीएनए मिलिलिटरमागे २,००० आंतरराष्ट्रीय एककांच्या वर आणि एसजीपीटी वाढलेलं असेल तरीही उपचार सुचवले आहेत, आणि तिथे एसजीपीटीची मर्यादा पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ धरली आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर ती बहुधा ४०-५० छापलेली असते. म्हणून “नॉर्मल” हा शब्द वाचून न थांबता आकडा बघा. घरात कुणाला लिव्हरचा कॅन्सर झाला असेल, मधुमेह असेल, तर उपचाराचा उंबरठा आणखी खाली येतो.

टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर ही रोजची एक गोळी असते. ती विषाणूला दाबून ठेवते, समूळ काढत नाही. म्हणून डीएनए सापडेनासा झाला की लोक “बरा झालो” म्हणून गोळी बंद करतात आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत लिव्हर पेटतं. सिऱ्होसिस असलेल्यात हे जिवावर बेतू शकतं.

गोळीने कॅन्सरचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. त्यामुळे सिऱ्होसिस असलेल्यांची, कुटुंबात लिव्हरचा कॅन्सर झालेल्यांची, तसंच आशियाई वंशाच्या चाळिशीपुढच्या पुरुषांची आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, शक्यतो एएफपी या रक्ततपासणीसह, चालू ठेवतात. सहाच महिने का, तर ही गाठ साधारण चार ते सहा महिन्यांत आकारमानाने दुप्पट होते. वर्षभर थांबलं तर दोन सेंटिमीटरची, पूर्ण काढता येण्याजोगी गाठ हातची जाऊ शकते. नुसत्या एएफपीवर विसंबू नका, सुरुवातीच्या कित्येक गाठींमध्ये तो नॉर्मलच असतो. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर “हिपॅटायटीस बी, लिव्हर कॅन्सरसाठी पाहणी” असं लिहा. नुसतं “पोट” लिहिलं की डॉक्टर पित्ताशय, मूत्रपिंड सगळं झरझर बघून पुढे जातात.

गरोदर बाई पॉझिटिव्ह असेल तर तिच्या रक्तातला विषाणूचा डीएनए मिलिलिटरमागे २ लाख एककांवर आहे का, हे लगेच बघायचं. असेल तर दुसऱ्या तिमाहीपासून टेनोफोविर. बाळाला २४ तासांच्या आत लस, आणि मिळत असेल तर दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन). पुढचे डोस वेळेवर, आणि ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान बाळाचं एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना लस सुरू केली. ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर १९८१ ते ८६ या काळात लाखात ०.७० होता, तो १९९० ते ९४ मध्ये ०.३६ वर आला. लशीने कॅन्सर टळतो हे लोकांना पटवताना हे आकडे फार उपयोगी पडतात.

शेवटी रजिस्टर. पॉझिटिव्ह माणसाच्या ओळीत क्रमांक, त्याने स्वतः दिलेला फोन, फोनवर कोणाशी बोललेलं चालेल, प्रयोगशाळेचा निकाल, डॉक्टरची तारीख, घरातल्या किती जणांची तपासणी झाली आणि सोनोग्राफीची पुढची तारीख, एवढे रकाने पुरतात. कोण फोन करणार त्याचं नाव शिबिराच्या आधी ठरलेलं असावं. निगेटिव्ह लोकांसाठी पहिल्या डोसच्या दिवशीच दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसच्या तारखा, म्हणजे एका महिन्यानंतरची आणि सहा महिन्यांनंतरची, जागेसकट ठरवून कार्डावर लिहून द्या. लस २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायची. गोठलेली लस फेकून द्यायची, वितळवून वापरायची नाही. कुणाचा दुसरा किंवा तिसरा डोस लांबला तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते. राहिलेला डोस तो येईल त्या दिवशी द्या.